पाटीवरचं पूंगोडीचं पान

उलगनाथन अण्णांनी बायकोच्या दिवसकार्यातलं उष्टं पान खानावळीच्या पाटीवर चढवलंय, असा कुंभकोणमभर बोभाटा आहे. साफ खोटं. बायको ठणठणीत आहे. कालच माझ्या दुकानात बसून अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढून गेली. पाटीवरचं पान त्यांच्या लेकीचं, पूंगोडीचं.

पूंगोडीनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा अण्णा मांडवाकडे फिरकले नाहीत. त्यानंतर ती एकदाच आली, तीही गिऱ्हाइकासारखी. भिंतीकडच्या बाकावर बसली. अण्णांनी वाढलं, तिनं खाल्लं, दोघंही मुकी. उठताना मात्र तिनं केळीचं पान स्वतःकडे दुमडलं. आमच्यात त्याचा अर्थ, पोट भरलं, पुन्हा येईन. पलीकडे दुमडायचं ते मयताच्या घरी.

अण्णा सांबाराची बादली घेऊन समोरच उभे. लेकीला हाक मारायची सोडून या माणसानं फोन काढला आणि पानाचा फोटो घेतला. ती गेली तिरुप्पूरला, ती गेलीच.

पुढे पाट्या करणारा त्यांचा भाचा मुगिलन म्हणाला, "मामा, डोशाचे चकचकीत फोटो सगळेच लावतात. आपलं काहीतरी वेगळं दाखवू." अण्णांनी हाच फोटो पुढे केला. मग पाटीवर, पिशव्यांवर, भिंतीवर, जिथे तिथे जेवून झालेलं हिरवं पान. लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. खानावळीचं नाव विसरून 'पानवाल्याकडे जाऊ' म्हणायचे, आणि निम्मे जण माझ्या विड्याच्या दुकानात येऊन भात मागायचे.

एके दिवशी साखरपुड्याचं जेवण ठरवायला आलेली एक आजी पाटीखाली थबकली. "शिव शिव, हे तर मयताचं पान." फोटो समोरून काढलेला, त्यामुळे बघणाऱ्याला घडी पलीकडे पडलेली दिसते. साखरपुडा गेला, पाठोपाठ दोन लग्नंही गेली.

मुगिलन धावत आला. "मामा, उलटा फिरवून लावतो. चुटकीसरशी होईल."

"नको."

"अहो, पण का?"

अण्णांनी फोटोच्या वरच्या कडेला बोट ठेवलं. पानावरून सुटणाऱ्या चार बोटांची टोकं तिथे होती. आम्ही कुणी ती नीट पाहिलीच नव्हती. "फिरवलं की ही बोटं बघणाऱ्याची होतील. तिची राहणार नाहीत."

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. "अण्णा, मग माझं पान घ्या. जेवतो, झकास दुमडतो, तुम्ही माझ्या मागून फोटो काढा."

"तू रोजच येतोस. तुला पुन्हा ये म्हणतंय कोण?"

"चेष्टा पुरे, अण्णा. मुहूर्त तोंडावर आलेत, खानावळ ओस पडेल. बरोबर बाजूनं एक फोटो काढून टाका."

अण्णा बादली उचलत म्हणाले, "बरोबर बाजूला ती बसली होती. परत बसली की शेजारी बसून काढीन. तोवर मी उभा होतो तिथूनच दिसेल."