इर्जिकीची अर्धी पंगत

आमच्या थोरल्या चुलतीला, म्हणजे थोरलीआईला, बेचाळीसची क्रांती आठवते ती हातांवरून. तोंडं तिनं पाहिलीच नव्हती. त्या श्रावणात ती आमच्या घरातली नवी सून होती. पदर कपाळाखाली ओढून, मान खाली घालून पंगत वाढायची म्हटल्यावर दिसणार काय? पत्रावळी आणि पत्रावळीवरचे हात, एवढंच.

आता ती शंभरीला टेकलीय. मी केडगावहून गावी गेलो की दुपारी ती लिंबाखाली बाजेवर डोळे मिटून बसलेली सापडते. उजवा हात हवेत हळूहळू पुढं सरकत असतो, वाढत असल्यासारखा. ह्याची करंगळी वाकडी होती, म्हणते. ह्याच्या मनगटावर मारुती गोंदलेला. ह्याचा तळवा चिरलेला, पोळी तुटेना. पानांतून ऊन हलत राहतं, लांबून राहुरीकडं जाणाऱ्या गाडीचा आवाज येतो आणि विरतो. मीही शेजारी पेंगत असतो. मग मलाही ते हात दिसायला लागतात. नुसते हात, ओळीनं, उन्हात ठेवलेले. असं बसून राहायला मला फार आवडतं.

गोष्ट तशी छोटी आहे. रेल्वेच्या रुळाच्या कडेनं तारायंत्राच्या तारा जात. शहरात पुढाऱ्यांची धरपकड झाल्याची बातमी गावात आली आणि त्या तारा तोडायचं ठरलं. ठरवणारे सगळे नांगर धरणारे लोक. मोठं काम करायची त्यांना एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे इर्जिक. ज्याचं काम अडलं त्याच्या रानात घराघरातून माणसं आणि औतं यायची, सगळ्यांनी मिळून ते उरकायचं आणि त्या घरानं सगळ्यांना गोडाधोडाचं जेवू घालायचं. मजुरी नाही, उपकारही नाहीत. माझ्या आजोबांनी म्हणे सांगितलं, ही इर्जिक माझी.

तारा तोडून झाल्यावर शहाण्या माणसांनी गुपचूप घरी जाऊन पडावं की नाही? पण कामाला आलेल्या माणसाला उपाशी कसं धाडायचं, हा आमच्या आजोबांचा पेच. पहाटेच पुरण शिजायला लागलं. कुणी विचारलंच तर दाखवायला म्हणून बैलं आणि औतं बांधाला आणून उभी केली. रानातून नांगराचे चार तास तरी मारून घ्यावेत, हे मात्र एकाही भल्या माणसाला सुचलं नाही. बंड केल्यावर गुळवणी करणारे लोक जगात दुसरीकडं कुठं झाले असतील असं मला वाटत नाही. मला त्यांचं हसू येतं, आणि मायाही वाटते.

दुपारी पंगत बसली. थोरलीआई गुळवणी वाढत निम्म्यापर्यंत आली आणि पोलीस आले. जमादारानं बैलांचे खूर बघितले, कोरडे खडखडीत. रान बघितलं, तर त्यात एक रेघ नव्हती. पंगतीतले हात पत्रावळींवर जिथल्या तिथं थांबले. ते थांबलेले हातच तिच्या डोळ्यांत राहिलेत. आजोबा पुढं झाले आणि म्हणाले, "इर्जिक माझी हाय. ज्याची इर्जिक त्यालाच इचारा." पोलीस त्यांना घेऊन गेले. बाकीचे अर्ध्या जेवणावरून उठले, आणि भरल्या पत्रावळी बैलांपुढं गेल्या.

आजोबांनी तुरुंगात एकाचंही नाव घेतलं नाही. ते खोकत परत आले आणि फार दिवस जगले नाहीत. बाकीच्यांनी तोंड मिटलं ते कायमचं. म्हणून ग्रामपंचायतीपुढच्या स्मारकाच्या दगडावर नाव आहे ते एकट्या आमच्या आजोबांचं. दरवर्षी ऑगस्टात तिथं भाषण होतं, हार पडतो, आम्हा घरच्यांना पुढच्या खुर्च्या मिळतात. मी ताठ बसायचो. पण गेल्या वर्षी थोरलीआईनं तिथून परत आल्यावर चहासुद्धा घेतला नाही. "इर्जिक कुणी एकटा करतो व्हय?" म्हणाली. मग तिनं मनातलं सांगितलं. ती पंगत तिला पुरी करायची होती. लोक तिच्या वाढण्यावरून उठले होते, आणि ते हात आता फक्त तिलाच ठाऊक होते. ती गेली की तेही जाणार.

मी कामाला लागलो. हातांवरून घरं शोधायची म्हणजे गंमतच. वाकड्या करंगळीचं घर पाराजवळच्या म्हाताऱ्यांनी लगेच ओळखलं, कारण नातवाचीही करंगळी वाकडी आहे. गोंदलेल्या मारुतीची पणती देवळाली प्रवराला सापडली. आपल्या पणजोबांनी तारा तोडल्या हे तिनं मोबाईलवर माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

एक ओळ मात्र राहिली होती. तिच्याविषयी विचारलं की थोरलीआईचा हवेतला हात थांबायचा. ते लोक महारवाड्यातले. तारा तोडायला बरोबरीनं होते, जेवायला मात्र कुंपणाबाहेर बसले होते. त्यांना वाढायला सुनांना पाठवत नसत. गड्यानं वरून टाकलं. त्यांचे हात तिनं पाहिलेच नव्हते.

मी तात्यांकडं गेलो. तात्या आमच्याच गावचे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांचे वडील त्या ओळीत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "अर्ध्यावरनं उठायला आदी बसवावं लागतं, भाऊ. आमच्या बापाला पंगतीत बसवलं कवा हुतं?" मला लाज वाटली. परत येऊन थोरलीआईला ते शब्द जसेच्या तसे सांगितले. ती मग म्हणाली, ते आले नाहीत तर चूल पेटवायची नाही. सगळ्यांना कळवून टाक.

मी ही अट तात्यांना सांगितली नव्हती, त्यांना भीड पडू नये म्हणून. पण गावात असलं काही लपत नाही.

ठरलेल्या दिवशी माणसं आली. काम केल्याशिवाय इर्जिकीचं जेवण नाही, हा म्हातारीचा हट्ट. त्यामुळं पुण्याहून गाडीतून आलेली मंडळीही पँटी दुमडून कांद्याच्या रानात खुरपायला बसली. त्याच रानात, जिथं तेव्हा रेघ ओढायची राहिली होती. गवतापेक्षा कांदाच जास्त उपटला गेला. चुलीवर पुरणाचं पातेलं होतं, चूल गार होती. थोरलीआई बांधावर बसून वाटेकडं बघत होती. ढगांची सावली रानावरून सरकत गेली, आणि वाटेवर तात्या दिसले. बरोबर मुलगा, सुना, भाऊबंद. तात्यांच्या हातात घरचं खुरपं होतं. ते एका सरीत बसले आणि खुरपायला लागले. थोरलीआई चुलीकडं वळून म्हणाली, "लावा जाळ."

कुंपण तर कधीच गेलंय. पंगत एकच बसली. गुळवणीचं भांडं मी धरलं आणि थोरलीआई पळीनं वाढत निघाली. प्रत्येकापाशी थांबायची, हात बघायची, पुढं व्हायची. वाकड्या करंगळीपाशी हसली. तात्यांपाशी आली तेव्हा त्यांनी आपणहून हात पुढं केला. मातीत काम केलेला, धुऊनही नखांत काळा राहिलेला.

तिनं हाताकडं पाहिलं नाही. पळी भांड्यात ठेवली, दोन्ही हातांनी कपाळावरचा पदर मागं सारला आणि म्हणाली, "तवा मी खाली बगत हुते. आता तोंड बगू दे तुजं."

तात्यांनी मान वर केली. ती बघत राहिली, किती वेळ कोण जाणे. मग तिनं पळी उचलली आणि वाढलं.

"जेव, लेकरा," म्हणाली. "आता कुनी उटवत न्हाई."