विहिरीवरच्या डब्यातली बाई

बोलणाऱ्या यंत्रावर माझा काडीचा विश्वास नाही. मिक्सर घुरघुरतो, कुकर शिट्टी मारतो, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आपलं काम करतात आणि गप बसतात. पण हा मोबाइल! एका सकाळी आमच्या घरची, म्हणजे बायको, चहा गाळता गाळता म्हणाली, "गुडघे लय दुखून राह्यले." दुपारी माझ्या मोबाइलवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. गुडघे तिचे, जाहिरात मला! मी फोन पालथा घातला आणि वर पितळी डबा उपडा ठेवला. ती म्हणाली, "आता काय त्याले कोंडून मारता का?" हस म्हटलं, हस. एक दिवस समजेल.

हा संशय मी आईच्या पोटातून आणलेला नाही. उभा जन्म एसटीच्या कंडक्टरकीत गेला, तिथं तो चिकटला. बाई म्हणायची, पोरगं लहान आहे, तिकीट लागत नाही. मी हो म्हणायचो, पुढं सरकायचो आणि ती खिडकीबाहेर पाहायला लागली की पोराला हळूच विचारायचो, "का रे, कितवीत आहेस?" ते छाती फुगवून सांगायचं, "तिसरीत!" सगळी गाडी हसायची, आई तोंड फिरवायची. माणूस बोलतो एक आणि असतं दुसरंच, हे मी असं शिकलो.

तर अशा माणसाच्या विहिरीवर माझ्या पोरानं बोलणारा डबा आणून बसवला.

पोरगा पुण्याला कंपनीत आहे. दिवाळीला आला तेव्हा बॅगेतून हा डबा काढला. मोटरच्या स्टार्टरला जोडायचा, आत सिम टाकायचं. घरून फोन लावून एक दाबलं की मोटर सुरू, दोन दाबलं की बंद. वर एक बाई गोड आवाजात सांगते, "मोटर चालू झाली आहे." विजेची लाइन आमच्याकडे मनाला येईल तेव्हा येते, म्हणून पोराला वाटलं बापाच्या चकरा वाचतील. "बाबा, आता वावरात जायची गरजच नाही," तो म्हणाला. गरज नाही म्हणे! वावरात नाही जायचं तर निवृत्त माणसानं आमच्या बोरी गावच्या चौकात बसून कोणाच्या घरी कोणती गाडी आली ते मोजायचं का?

आणि ती बाई खरं बोलते हे कशावरून? ती पुण्यात बसली आहे की दिल्लीत, देव जाणे. तिनं माझ्या विहिरीत डोकावून थोडंच पाहिलंय! मी घरून फोन लावायचो, बाई म्हणायची मोटर चालू झाली आहे, की मी चप्पल घालून निघायचो. हरभऱ्यात पाण्याची धार पडताना डोळ्यांनी पाहिली की मगच जीव खाली पडायचा. घरची म्हणायची, "त्या बाईवर भरोसा नाही म्हणता अन् रोज तिलेच फोन लावता."

खरं सांगतो, धार पाहणं हे निमित्त होतं. विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली माझा दोस्त बसलेला असायचा. आमच्या दोघांच्या वावराच्या मध्ये एकच धुरा, मातीचा बांध. तो शेतकरी झाला, मी कंडक्टर झालो, पण शाळेत एका तरटावर बसलेली माणसं आम्ही, एकमेकांना 'का बे' शिवाय हाक मारत नाही. तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून ठेवायचा. डॉक्टरनं मला खर्रा बंद केला होता आणि मीही घरी सांगून टाकलं होतं की सोडला. तो फक्त निंबाखाली सुटलेला नव्हता. चिमूटभर तोंडात टाकायचा आणि पाणी वाहतंय तोवर गावाची, सरकारची, सुनांची, जावयांची सालटी काढायची. असं बोलणं मला घरात कधी जमलं नाही.

याच दोस्तानं एकदा मला उचललं होतं. डबा बसवून थोडेच दिवस झाले होते. त्या दिवशी लाइन नव्हती, डबाही मेल्यासारखा गप होता. विहिरीच्या काठाशी वाकलो, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी कोसळलो. त्यानं ओढलं नसतं तर थेट पाण्यात. तोंडावर पाणी मारलं, शेला भिजवून डोक्यावर ठेवला. शुद्धीवर येताच मी त्याला म्हटलं, "घरी बोललास त माह्यं मेलेलं तोंड पाहशील." त्यानं शेला पिळून पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवला. मग म्हणाला, "नाही बोलत. पण काठावर एकटा जाऊ नको बे."

आणि मग पोराचे फोन बदलले.

एरवी आमचं बोलणं ठरलेलं. बरं आहे का, बरं आहे, ठेव. एके दिवशी तो मध्येच म्हणाला, "बाबा, खर्रा पुन्हा सुरू केला का?" मी उडालोच. नाही म्हणून दामटून सांगितलं, पण डोक्यात किडा वळवळला. याला पुण्यात बसून वास आला? पुढच्या फोनवर तर त्यानं घावच घातला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, आमच्याकडे तुम्हाला कोंडल्यासारखं होतं का?"

हे मी म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत. आदल्याच दिवशी, निंबाखाली. पुण्याच्या सातव्या मजल्यावर मला कोंडल्यासारखं होतं, बाल्कनीतून खाली थुंकायचीही सोय नाही, असं मी दोस्ताला हसत सांगितलं होतं. पोराला दुखवायला नव्हतं सांगितलं. त्याच्या आवाजातलं ते दुखणं ऐकून माझं काळीज चरचरलं. आणि ऐकणारं तिथं होतं कोण? एक मी आणि एक तो.

मी रागातच वावरात गेलो. तो खर्रा घोटत होता.

"माह्या पोराचा नंबर आहे का बे तुह्यापाशी?"

"आहे ना. दिवाळीत त्यानंच देल्ला. काहून?"

"काहून म्हणे! चुगलखोरा, पोटात काही राहते का तुह्या? माह्या पोराले दुखवून काय भेटलं तुले?"

त्याचा हात थांबला. "मी काई नाही बोललो त्याच्याशी," तो म्हणाला. मी ऐकून घेतलं नाही. इतकी वर्षं गाडीत तेच ऐकलं होतं, मी नाही साहेब, मी नाही. वाट्टेल ते बोललो. तोही पेटला. "इतक्या वर्षांत तुले माह्यी हेच वळख झाली का बे?" म्हणाला, खर्ऱ्याची पन्नी उचलली आणि धुरा ओलांडून आपल्या वावरात गेला. दुसऱ्या दिवसापासून तो तिकडच्या बाभळीखाली पाठ करून बसायला लागला.

डोळ्यांसमोर माणूस आणि बोलायची सोय नाही. पाण्याची धार पडत राहायची आणि मी एकटा निंबाखाली. चहा गोड लागेना. घरची विचारायची काय झालं, मी तिच्यावरच खेकसायचो. एकटा पडलो की मला जुनी खोड आहे, ती तेवढी वाढली. पाणी पाहत मी मोठ्यानं गाडी सोडायचो. "चला बोरी, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड! पुढं सरका, पुढं सरका! ओ बाई, पोरगं मांडीवर घ्या!" लोकांदेखत कधी केलं नाही. वेड लागलं म्हणतील.

एका संध्याकाळी घरची पोराशी फोनवर बोलत होती. पोटभर हसली आणि मला म्हणाली, "तो विचारते, बाबांची उमरखेडची गाडी आज येळेवर सुटली का?"

मी जागच्या जागी उभा राहिलो. दोस्त तर पार बाभळीखाली होता. तिथवर माझा आवाज जात नाही. मग हे पुण्याला कोणी नेलं?

"त्याले कसं समजलं?" मी विचारलं. ती गडबडली. कंडक्टरला गडबडलेलं तोंड ओळखता येतं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघालं. त्या डब्याला कान आहे. लाइन असली की पोरगा तिकडून नंबर लावून तीन दाबतो आणि विहिरीवरचं सगळं ऐकतो. मोटर खरंच चालते का ते कळावं म्हणून ती सोय आहे म्हणे.

"अन् तुले माहीत होतं!"

"मले त्यानं मागच्या आठवड्यात सांगतलं," ती म्हणाली. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "तो म्हणे, आई, बाबा वावरात किती बोलतात गं. माझ्याशी फोनवर दोन शब्द बोलत नाहीत."

राग यावा की रडावं, समजेना. रागच आधी आला, माझा स्वभावच तसा. माझ्याच वावरात माझ्यावर पाळत! पण रात्रभर डोळ्यांपुढं डबा नव्हता, दोस्ताची पाठ होती.

सकाळी लाइन होती, मोटर सुरू होती. तो बाभळीखाली बसलेला. मी धुऱ्यावर जाऊन हाक मारली. वळला नाही. पुन्हा मारली. "तुले शिव्या द्यायच्या असन त नंतर दे," मी म्हटलं, "आधी इकडं ये." आवाजात काय ऐकू आलं कोणास ठाऊक, तो उठला. धुऱ्यापाशी येऊन थांबला, पुढं आला नाही.

मी डब्यापुढं उभा राहिलो. मोठ्यानं, गाडीतल्या आवाजात म्हटलं, "ऐकून राह्यला का बे? ऐकत असशील त मोटर बंद कर."

काही झालं नाही. पाणी पडत होतं. दोस्त माझ्याकडं असा पाहायला लागला की हा गेला कामातून. मला वाटलं, पोरगा कामात असेल, ऐकतच नसेल. मी पुन्हा म्हटलं, "बंद कर रे बाप्पा. इथं माह्या दोस्तीचा जीव चालला."

खट् झालं. धार बारीक झाली, थेंबावर आली, थांबली.

दोस्त धुरा ओलांडून आला. डब्याला एकदा समोरून पाहिलं, एकदा मागून. मग माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे हे होय तुह्यावालं चुगलखोर," तो म्हणाला.

"चुकलं बे माह्यं," मी म्हटलं. त्यानं पुढचं काही मागितलं नाही. तो वाकला, डब्याला तोंड लावल्यासारखा जवळ गेला आणि बोलायला लागला.

"पोरा, मी तुहा काका बोलून राह्यलो. तुह्या बापाले चक्कर येते. दिवाळीनंतर इथंच काठावर पडला होता, म्या ओढला. त्यानं शपथ घातली म्हून आतापर्यंत तोंड उघडलं नाही. पण त्यानं मले चुगलखोर म्हणलंच आहे, त एक चुगली करूनच टाकतो. त्याले दवाखान्यात ने."

"अरे ए!" मी ओरडलो. पण झालं होतं. लाइन होती.

माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. मला न पाहता माहीत होतं कोण आहे. हात खिशात जाईना. एवढे दिवस "बरं आहे, ठेव" म्हणून सुटलो होतो, आज काय म्हणणार होतो?

दोस्त निंबाखाली आपल्या जुन्या जागेवर जाऊन टेकला होता. त्यानं पन्नी काढली नाही. नुसता माझ्याकडं पाहत होता.

"उचल," तो म्हणाला. "मी बसलो आहो इथं."