शेवटच्या गावापुढचा स्वल्पविराम

शेणवे गावच्या रंजिताच्या पायाला भिंगरीच होती. २००७ सालच्या त्या सोमवारी तर शहापूरच्या कॉम्प्युटर क्लासात ती खुर्चीवर कमी आणि दारात जास्त होती. कल्याणच्या एका कंपनीने नोकरीआधी परीक्षा म्हणून तिला एक वेबपान करायला दिलं होतं. यादीतून गाव निवडलं की तिथल्या बियाणे केंद्राचा पत्ता दिसायला हवा. चार वाजेपर्यंत पाठवायचं. चाललं तर नोकरी, नाहीतर दुसरी मुलगी तयारच होती.

फायरफॉक्स ब्राउझरमध्ये पान शहाण्यासारखं चालायचं. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये मात्र यादीच उमटेना. खाली कोपऱ्यात चूक दाखवणारा पिवळा त्रिकोण तेवढा यायचा. आणि कंपनीच्या गिऱ्हाइकांकडे नेमका हाच एक्सप्लोरर. रंजिताने जावास्क्रिप्टची ओळन्‌ओळ तपासली. गावं चौदा, एक्सप्लोरर मोजतोय पंधरा!

"मेल्या, तुला मोजता तरी येतं का रे?" ती पडद्यावर खेकसली. दोन वाजले. तिला रडू यायला लागलं.

तेवढ्यात तिची आई बाईजा डबा घेऊन आली. बाजारात वाल विकून उरलेले ती क्लासच्या पायरीवरच एका बाईला मापून देऊ लागली. रंजिता शेजारी जेवायला बसली. बाईजाने शेवटचं मापटं शीग लावून, काठावर रास येईल इतकं भरलं, ओतलं, पण मूठभर वाल तळाशी ठेवलेच.

"सगलं ओत की," बाई म्हणाली.

"शीग दिली ना? माप झाडून रितं करू नाय, बाय. पुढच्याला जागा ठेवायची."

रंजिता हातातला घास टाकून आत पळाली. पुढे गाव जोडायला सोपं जावं म्हणून तीही शेवटच्या नावापुढे स्वल्पविराम ठेवायची. फायरफॉक्स तो सोडून द्यायचा. एक्सप्लोरर त्यापुढे एक रिकामं गाव धरायचा आणि तिथेच अडायचा. तिने स्वल्पविराम खोडला. यादी उमटली, चौदाच्या चौदा.

नोकरी लागली. जायच्या सकाळी बाईजा कल्याणच्या खोलीसाठी तांदूळ मापत होती. रंजिताचं एक पाऊल घरात, एक अंगणात. शेवटच्या मापात मूठ राहिलेली बघून ती वैतागली.

"आये, ओत ना सगलं! एसटी जाईल." तिने मापटं ओढलंच.

बाईजाने तिचं मनगट धरलं. "ती मूठ राहू दे, गो. तू परत यायची हायस ना?"

रंजिता मटकन खाली बसली. पहिली एसटी गेली, तरी उठली नाही.