दहा बाटल्या आणि एक सड

दहा बाटल्या पेनिसिलिन मला खरं म्हणजे केवढ्याला पडलं? पुण्याला सायकलच्या दोन फेऱ्या, एक पंक्चर आणि बायकोचा आठवडाभर अबोला... घरात म्हैस एकच, आणि सगळं घर तिच्यावर.

पन्नासच्या दशकातला वैशाख. पिंपरीत औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि मी काळेवाडीहून तिथल्या वसाहतीत दूध घालायचो. एका सकाळी म्हशीच्या कासेचा एक सड सुजून दगडासारखा झाला. गुरांच्या डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या पावडरीच्या पाच बाटल्या लिहून दिल्या... रोज एक, उकळून गार केलेल्या पाण्यात ताजी कालवून सडात सोडायची.

माझं डोकं जरा जादाच चालायचं. मी दहा आणल्या आणि सगळ्या एकदम एका शिशीत कालवून टाकल्या. रोज पाणी उकळायची कटकट नको, आणि थोडा जोर उतरलाच तर दुप्पट आहेच की! शिशी ठेवली गोठ्यात, पत्र्याखालच्या फळीवर.

तीन दिवसांनी वसाहतीतल्या एका केमिस्टसाहेबांना दूध मापता मापता मी ही अक्कल ऐकवली. वर म्हणालो, "आठ दिसांत चारी सडांनी दूध देती का न्हाई बघा!"

साहेब हसले नाहीत. "घागरीतलं निम्मं दूध रोज काढून तेवढंच पाणी ओतलं, तर दूध कधी संपेल?"

"संपत न्हाई साहेब. आधी गिऱ्हाईक संपतं."

"अनुभव दिसतोय तुला! बरं, मुळात दूध दुप्पट घट्ट असलं तर?"

मी बोटांवर मोजलं. पहिल्याच दिवशी ते साध्या दुधावर येणार. एकच दिवस जादा निघणार होता... एकच.

"कालवलेल्या औषधाचं तसंच असतं रे. कितीही घे, ठराविक वेळात त्यातलं निम्मं मरतं. या उन्हात धर दिवसाला निम्मं. तीन दिवसांत तीनदा निम्मं झालं, म्हणजे दुप्पट घेऊनही आज तू तिला पाव डोस देतोयस. कोरडी पावडर टिकली असती, तू ती भिजवून ठेवलीस!"

उरलेलं दूध कसंबसं घालून सायकल थेट पुण्याकडे. नव्या बाटल्या आणल्या. रोज एक, रोज ताजी... पाणी बायकोने उकळलं, न बोलता.

चौथीपुढे शाळा न पाहिलेल्या माणसाला साहेबांनी एका घागरीत जे शिकवलं, ते मी आजवर विसरलो नाही. त्यांचे उपकारच.

म्हैस वाचली. पुढे सात वर्षं तिने दूध दिलं... तीन सडांनी.