खुरं पाहून ठेवलेला मेंढा

लग्न होऊन मी जत तालुक्यातून समुद्रकाठच्या भुईगावात आले, तेव्हा सासरच्या वाडीत केळी होत्या, नारळ होते, दोन म्हशी होत्या. मेंढरू कुणी पाळलेलं नव्हतं. माझ्या माहेरी मात्र आजोबांच्या आधीपासून माडग्याळी मेंढ्या. उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि पोपटाच्या चोचीसारखं नाक. नाक जितकं बाकदार तितकी जात अस्सल, असं आण्णा, म्हणजे माझे वडील, मानत.

माझी धाकटी लेक शाळेत जायला लागली तेव्हा मी मेंढ्यांचा विषय काढला. नवऱ्याची मुंबईला नोकरी; ते म्हणाले, वाडी आईची, तिला विचार. सासूबाईंनी एवढंच विचारलं की मेंढ्या केळी खातील का. सोडल्या तर खातील, असं मी खरं ते सांगितलं. कुंपण घालायच्या अटीवर त्या तयार झाल्या.

दिवाळीनंतर आण्णा स्वतः टेम्पोतून पाच मेंढ्या आणि एक मेंढा घेऊन आले. इतकं मोठं जनावर आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. उन्हाळाभर मेंढ्या भात कापलेल्या शेतात चरून तुकतुकीत झाल्या आणि तीन कोकरं झाली.

मग पावसाळा लागला आणि जमीन सुकेचना. मेंढ्यांची खुरं कुजायला लागली. मी रोज मोरचुदाच्या पाण्यात त्यांचे पाय बुडवायची, सडलेला भाग कापायची. उपयोग होईना. दोन मेंढ्या पुढचे गुडघे टेकून चरायला लागल्या. श्रावण संपेपर्यंत त्या दोन्ही गेल्या, दोन कोकरंही गेली. कोरड्या माळावरची जनावरं मी मरायला इथं आणली, असं वाटून मला जेवण जाईना. उरलेल्या परत पाठवते, असं मी सासूबाईंना सांगितलं.

त्या गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "पान्यात उभं करून औषध कसलं लावतेस? वर उचल त्यांना."

वाडीतल्या पडलेल्या पोफळी चिरून त्यांनी दोन गड्यांकडून कमरेएवढ्या उंचीची माची करून घेतली. फळ्यांमध्ये बोटभर फट. लेंड्या खाली पडायच्या, वरची जागा कोरडी राहायची. पुढच्या पावसाळ्यात एकही मेंढी मेली नाही.

तरी काही लंगडायच्याच. मी वहीत प्रत्येक कोकराची आई, बाप आणि पावसाळ्यातली खुरं लिहायला लागले. तीन वर्षांनी वही नीट वाचली. लंगडी कोकरं बहुतेक आण्णांनी आणलेल्या त्या देखण्या मेंढ्याची होती. एका बुटक्या, सरळ नाकाच्या मेंढीची पिल्लं मात्र कधी लंगडली नव्हती. ती माहेराहून गाभण आली होती, त्यामुळे तिच्या पहिल्या नर कोकराचा बाप वेगळा होता. त्या नराची खुरं आईसारखीच काळी आणि टणक. मी मोठा मेंढा विकला आणि कळपाला हा ठेवला. आई आणि बहिणींपासून दूर राहावा म्हणून त्याच्यासाठी वेगळा कप्पा केला.

त्या वर्षी आण्णा आले. मेंढा कुठं, म्हणून विचारलं. मी नवा दाखवला. त्यांनी त्याचं तोंड धरून वर केलं.

"ह्ये माडग्याळ न्हवं, पोरी. नाक गेलं ह्येचं."

मी मेंढ्याचा पाय उचलून त्यांच्या हातात दिला. "आण्णा, हा एकाही पावसाळ्यात लंगडला नाही."

त्यांनी खूर अंगठ्यानं दाबून पाहिलं, वास घेतला आणि पाय खाली सोडला. दुसऱ्या दिवशी गेले. मला फार लागलं, कारण जात राखायची हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

आमच्या घरी फोन बसला त्यानंतर ते रविवारी फोन करत. "तुझी ती भुईगावची बकरी कशी हायत?" असं विचारत; माहेरी मेंढरांनाही बकरीच म्हणतात. माडग्याळी हा शब्द त्यांनी माझ्या मेंढ्यांसाठी परत वापरला नाही. पण एका दिवाळीनंतर, मी न मागता, त्यांनी दोन तरण्या मेंढ्या टेम्पोनं पाठवल्या. दोन्हींची नाकं जेमतेम बाकदार होती. मी पाय उचलून पाहिले; खुरं काळी आणि टणक होती, ती पाहूनच आण्णांनी त्या निवडल्या होत्या. मी दोघींना नव्या मेंढ्याकडे सोडलं.

कळप पुढे तिसाच्या आसपास गेला. चराईची शेतं कमी होत गेली तशी आम्ही माचीवरच सुबाभूळ आणि भुस्सा घालायला लागलो. गिऱ्हाईक आलं की सासूबाई पुढे होत आणि मेंढीच्या आधी तिच्या आईची खुरं दाखवत.