चौथ्या गटातला पाचवा खांदा

आमच्या घरात वजन उचलायचं काम एकट्या बाबांकडं होतं. नांदुऱ्याच्या धान्यबाजारात ते हमाल. घर पत्र्याचं, आई सतत आजारी, आणि तुरीची पोती वाहून वाहून बाबांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. (फोटोत ते कायम तिरपे येत. फोटोवाला "सरळ उभे राहा" म्हणायचा. बाबा म्हणायचे, "सरळच हाय ना मी!") मला मात्र त्यांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही. "तू शीक माय. वझं माह्याकडं."

शिकले. बी.एस्सी.ला गणित घेतलं आणि कॉलेजच्या चिअरलीडिंग संघात शिरले. तिथं माझं काम काय? वजन उचलणं!

आम्ही सोळा जणी. तिघी खाली, चौथी त्यांच्या तळहातांवर उभी, असे चार गट. संघ सोळाचा असला की चारही गट एकदम वर गेले पाहिजेत, तरच गुण वरच्या पट्टीतले. तीनच गेले तर त्या पोरी कितीही सुरेख उभ्या राहोत, गुण खालच्या पट्टीतले. जिल्ह्यात पहिल्या आलो तर राज्यावर जाणार होतो. बाबा धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. (त्यांना वाटलं, कबड्डी आहे.)

चारही गट वर गेले. चौथा गट आमचा, आमच्या हातांवर पल्लवी. आणि माझा हात थरथरला. किंचित! परीक्षकांनाही दिसलं नसेल. पण बाजारात पोतं घेतलेला गडी डगमगला की शेजारचा हमाल विचारत बसत नाही, खांदा लावतो. बाबा धावत आले आणि थेट पल्लवीच्या पायाखाली खांदा घातला!

"बाबा, काय करून राह्यले? निघा!"

"तू सोड माय, मी घेतो!"

"काका, मी पडन ना!" पल्लवी वरून किंचाळली.

"तुरीचं पोतं पडलं नाही कधी, तू काऊन पडशीन? हलू नको!"

परीक्षक उठले. "अहो, तुम्ही कोण?"

"बाप हाय!"

"कोणाचा?"

"खालच्या पोरीचा. पण वरचीले बी सोडत नाही!"

संगीत संपलं, बाकीचे गट उतरले, आमचा वरच! बाहेरचा माणूस शिरला म्हणून तो गट मोजलाच नाही. तीन गट, खालची पट्टी, राज्य गेलं.

परतताना एस.टी.त बाबांनी विचारलं,

"आपला गट पडला काय माय?"

"नाही बाबा."

"मंग मोजला काऊन नाही?"

"त्यात एक जण जास्त झाला."

"एक जास्त झाला, त् गुण कमी कसे झाले? तू त् गणित शिकून राह्यली ना?"



शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर बाबा गेले. बाजारातच, वजनकाट्याजवळ, छातीत कळ येऊन. मी तिरडीला खांदा देते म्हटलं. "पोरीले झेपन काय?" बाबांचे धाकटे भाऊ म्हणाले. झेपलं. पण नाक्यापाशी मी डगमगले आणि सवयीनं शेजारी पाहिलं. धावत येऊन खांदा लावणारा माणूस वर झोपलेला होता.

परीक्षा दिली. पास झाले. आमच्या खानदानातली पहिली पदवीधर मी! विषय गणित. एक माणूस वाढल्यावर गुण कमी कसे होतात, हे बाबांना पटेल असं मला अजूनही मांडता येत नाही.