चुका दुरुस्त केलेला खेळ

तोक्योतल्या त्या छोट्या गेम कंपनीत मला पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमचा आवडता गेम कोणता?" मी खरं ते सांगितलं. कॅरम.

सगळे हसले आणि मी विनोदी माणूस आहे असा त्यांचा समज झाला. मी विनोद केला नव्हता. आमच्या तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडसमोर व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं. त्याच्या पायरीवर दिसलेल्या मुलाचं नाव दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थनेनंतर वाचून दाखवत. माझं नाव कधी वाचलं गेलं नाही, कारण तिथून जाताना मी मान वळवून रसवंतीच्या पाटीकडे बघत जायचो. घराण्यातला पहिला पदवीधर व्हायचं तर काही ठिकाणी मान वळवावी लागते, असं मला वाटायचं. पुढे इंजिनिअरिंग, पुण्यातली नोकरी, जपानी भाषेची सगळ्यात खालची परीक्षा, सगळं रीतसर पार पडलं. त्या काळी पुण्याहून जपानला इंजिनिअरांची रीघ लागली होती. माझ्याबरोबरचे कुणी बँकेच्या कामावर गेले, कुणी विम्याच्या. मला नेऊन बसवलं ते अवकाशयानातून गोळ्या झाडायच्या खेळासमोर.

खेळ जुना होता. एके काळी तो जपानभरच्या पार्लरांत आणि घराघरांत चालायचा. खाली आपलं इवलंसं यान, वरून शत्रूची यानं आणि त्यांच्या गोळ्यांचा पाऊस. तो नव्या यंत्रांवर, नव्या चित्रांसह पुन्हा काढावा की नाही, यावर कंपनीत दोन मतं होती. बुचोंचं, म्हणजे विभागप्रमुखांचं मत थंड होतं. (तिकडे साहेबाला हुद्द्यानेच हाक मारतात, त्यामुळे त्यांचं आडनाव मला बरेच दिवस माहीत नव्हतं.) ते म्हणायचे, "जुना खेळ लोकांना आठवायला आवडतो. खेळायला आवडेल असं नाही." महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी नमुना चालवून दाखवायचा आणि मग ते निर्णय देणार, असं ठरलं होतं. होकार आला तर मला वर्षभराचं काम होतं. नकार आला तर पुण्याला परत, बेंचवर, म्हणजे पुढचं काम मिळेपर्यंत नुसतं बसून.

एरवी मी परत गेलोही असतो. पण तीनच आठवड्यांपूर्वी माझी बायको आली होती. शाळेतली नोकरी सोडून, कुकर, पोळपाट आणि गोडा मसाला घेऊन. तिला निरोप द्यायला अर्धी गल्ली मुंबईच्या विमानतळापर्यंत आली होती. तोक्योला लागून असलेल्या इचिकावातल्या आमच्या दीड खोलीत सामान लावून झाल्यावर ती म्हणाली होती, "आता निदान वर्षभर तरी मी हे परत बांधणार नाही."

मूळ खेळ ज्यांनी एकट्याने लिहिला ते गृहस्थ अजून कंपनीत होते. निवृत्तीला आलेले, बारीक, किंचित वाकलेले. माझ्या गणिताच्या मास्तरांची आठवण व्हावी असे. आम्ही घरी त्यांना मास्तरच म्हणू लागलो. ते फार कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते मास्कच्या आतून. वसंत ऋतू होता, देवदाराचे पराग हवेत होते आणि निम्मं ऑफिस पांढरे मास्क लावून शिंकत होतं.

पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी मला शेजारी बसवून जुना खेळ खेळून दाखवला. मधेच थांबायचे, पडद्यावर बोट ठेवायचे आणि मास्कमधून म्हणायचे, "कोको, नाओशिते." कोको म्हणजे इथे, नाओशिते म्हणजे दुरुस्त करा. हे दोन्ही शब्द मला परीक्षेला होते, त्यामुळे मला फार बरं वाटलं.

पहिली चूक अशी, की पडद्यावर शत्रूंची फार गर्दी झाली की बिचाऱ्या जुन्या यंत्राला झेपायचं नाही आणि सगळा खेळ संथ व्हायचा. नाओशिते. दुसरी, डाव्या कोपऱ्यात अगदी खाली एक जागा होती, तिथे यान नेऊन ठेवलं तर एकही गोळी लागायची नाही. नाओशिते. तिसऱ्या टप्प्यातला राक्षस हसताना आवाज फाटायचा. तेही. आणि शेवटी, खेळ जिंकल्यावर पडद्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत अभिनंदन यायचं, 'काँग्रॅच्युरेशन'. त्यावर मास्तरांनी दोनदा बोट ठेवलं.

माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कुणी पंक्चर काढायला सायकल दिली तर ते ब्रेक, चेन आणि घंटीसुद्धा नीट करून द्यायचे. दुरुस्त करा असं कुणी म्हटलं की मी मागेपुढे बघत नाही. तीन आठवडे मी मान खाली घालून राबलो. नवं यंत्र जुन्यापेक्षा किती तरी पटींनी वेगवान. आता कितीही गर्दी झाली तरी खेळ तुपासारखा चालू लागला. डाव्या कोपऱ्यातही नियमाने गोळ्या पोचू लागल्या. राक्षस रेडिओवरच्या निवेदकासारखा स्वच्छ हसू लागला. आणि काँग्रॅच्युलेशन्स मी आमच्या इंग्रजीच्या सरांना स्मरून दोनदा तपासलं.

दरम्यान घरी वेगळंच चाललं होतं. अभ्यासासाठी म्हणून मी स्टेशनजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानातून तोच खेळ आणि तो चालवायचं जुनं यंत्र आणलं होतं. पण माझा अंगठा काही चालेना. तो चालला बायकोचा. दिवसभर एकटी असायची. आठवड्यातून दोनदा महापालिकेच्या इमारतीत आजीबाई फुकट जपानी शिकवायच्या तिथे जायची, आणि उरलेल्या वेळात भाजी निवडून झाली की अवकाशात. संध्याकाळी मी घरी यायचो तेव्हा दार उघडून ती परत पळत जाऊन बसायची.

"चहा?" मी विचारायचो.

"तुम्हीच टाका ना. माझा चौथा टप्पा आहे."

निर्णयाच्या दोन दिवस आधी, बुधवारी, मी मास्तरांना माझी दुरुस्त आवृत्ती दाखवली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बोटं मोडली आणि सुरू केलं. पहिल्या गर्दीतच मेले. "हं," म्हणाले. पुन्हा खेळले, आणि या वेळी सवयीने डाव्या कोपऱ्यात गेले, तर तिथेच मेले. तिसऱ्या वेळी राक्षस हसला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू राक्षस नव्हे, मीच हसलो होतो. मग ते उठले, मला वाकून नमस्कार केला, "मोठी मेहनत घेतलीत" म्हणाले आणि चहा आणायला गेले. ते परत आलेच नाहीत. बाकीचे आपापल्या पडद्यांत डोकं घालून बसले. आपल्याकडे असतं तर कुणी तरी म्हणालं असतं, काय माती केलीस रे. तिथे कुणीच काही म्हणालं नाही, तेव्हा मला घाम फुटला.

घरी येऊन सगळं सांगितलं. बायकोने खेळ थांबवला नाही, पण कान दिला.

"पण तुम्ही तो संथपणा काढलात कशाला?"

"अगं, चूक होती ती. यंत्राला झेपत नव्हतं."

"चूक कसली? हे बघा." तिने यान मुद्दाम गर्दीत घातलं. पडदा गोळ्यांनी भरला आणि सगळं जड, आळसावल्यासारखं सरकू लागलं. त्या फटींतून तिने आपलं यान हळूच सुईत दोरा ओवावा तसं बाहेर काढलं. "घाटात एस.टी. पहिल्या गिअरवर येते ना, तसं होतं हे. म्हणून तर जीव वाचतो. तुमच्या नव्यात गाडी टॉपमध्येच घाट चढणार. मरणार नाही तर काय?"

"पण मास्तरच म्हणाले होते, नाओशिते."

"असंच म्हणाले?"

"हो. म्हणजे मास्कमधून. न्नोशिते."

तिने खेळ थांबवला. चौथ्या टप्प्यात तिने खेळ थांबवलेला मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

"नोकोशिते म्हणाले असतील."

"हा कुठला शब्द?"

"माझा सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे तो. वर्गात सगळ्यांनी डबे आणले होते ना, तेव्हा माझ्या पुढ्यात मासा आला. मी रडायच्या बेतात. तर आमच्या आजीबाई कानात म्हणाल्या, नोकोशिते मो इइ. ठेवलंत तरी चालेल. नोकोशिते म्हणजे राहू द्या. तसंच ठेवा." मग म्हणाली, "अहो, त्यांनी तुम्हाला चार गोष्टी जपायला सांगितल्या, आणि तुम्ही नेमक्या त्याच चार मोडल्यात."

मी पोळपाटाकडे पाहिलं. तीही पाहत होती. त्या संध्याकाळी आम्ही सामान बांधण्याबद्दल काही बोललो नाही, पण बॅगा कपाटावर आहेत की पलंगाखाली, हे तिने उगाच एकदा विचारलं.

सकाळी मी मास्तरांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो आणि स्वच्छ उच्चारात विचारलं, "नाओशिते की नोकोशिते?"

मास्तरांनी मास्क खाली ओढला. त्यांना बारीक मिशी होती, हे मला तेव्हा कळलं. "नो-को-शि-ते," ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते की शिंक येत होती ते सांगणं कठीण होतं. बहुधा दोन्ही.

तीन गोष्टी दुपारपर्यंत पूर्ववत झाल्या. काँग्रॅच्युरेशन पुन्हा चुकीचं लिहिताना हात जरा अडखळला इतकंच. खरी पंचाईत संथपणाची. जुनं यंत्र दमायचं म्हणून संथ व्हायचं, आणि नवं दमतच नव्हतं. यंत्राचा वेळ कसा वाचवायचा हे मला कॉलेजात चार वर्षं शिकवलं होतं. आता मी त्याला वेळ वाया घालवायला शिकवत बसलो. गर्दी झाली की दमल्याचं सोंग घे. मास्तर शेजारी डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगायचे, "अजून थोडं दमू द्या." मी दमवायचो. "फार झालं. हा म्हातारा झाला." मग मी परत तरुण करायचो.

शुक्रवारी बुचो आले. जुन्याबरहुकूम आवृत्ती त्यांनी शांतपणे खेळून पाहिली. चेहऱ्यावर काहीच नाही. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, "सगळं जुन्यासारखंच ठेवायचं, तर नवं काढायचं कशाला? इथले सगळे लहानपणी हा खेळलेत, त्यांना मी विचारत नाही. तुम्ही कॅरमवाले आहात. तुम्ही सांगा."

माझं जपानी अशा प्रश्नासाठी केलेलं नव्हतं. मी म्हणालो, "मला या खेळाच्या आठवणी नाहीत. माझ्या बायकोलाही नाहीत. पण खेळत असताना ती मला चहा देत नाही."

मी काही तरी भलतंच बोललो असं मला वाटलं. बुचोंनी विचारलं, "रोज?"

"रोज."

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पडद्याकडे वळले. आणि तिथे त्यांना यादीत दुसरी आवृत्ती दिसली. ती काढून टाकायची घाईत राहून गेली होती. "ही कुठली?"

मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "ती इंदो-सानची दुरुस्ती."

बुचोंनी सुरू केली आणि लगेच मेले. पुन्हा मेले. कोट काढून खुर्चीला अडकवला. बाकीचे मागे येऊन उभे राहिले. जेवणाची वेळ झाली तरी कुणी हललं नाही. एकेकाने खेळून पाहिलं आणि एकेक जण मेला. राक्षसापर्यंत कुणीच पोचलं नाही, त्यामुळे त्याचं ते स्वच्छ हसू ऐकायचं भाग्य कुणाला लाभलं नाही. बुचो शेवटी टाय सैल करून म्हणाले, "ही पण द्यायची. आतमध्ये. ज्यांना स्वतःबद्दल फार वाटतं त्यांच्यासाठी."

"नाव काय द्यायचं?" मागून कुणी तरी विचारलं.

"इंदो मोड."

इंदो म्हणजे भारत, आणि इंदो-सान म्हणजे भारतवाले साहेब, अर्थात मी. जपानी माणसं एरवी एवढ्या मोकळेपणाने हसत नाहीत.

म्हणजे होकार आला होता. मी तसं पुन्हा एकदा विचारून, शब्द फोडून घेऊन खात्री केली, कारण माझ्या कानांवरचा माझा विश्वास उडाला होता. जुना खेळ नव्याने काढावा का, याचं खरं उत्तर मला आजही देता येत नाही. चित्रं नवी झाली, रंगही नवे झाले, त्याने फारसं काही झालं नाही असं मला वाटतं. त्यात जे खरं होतं ते मास्तरांनी जुन्या यंत्राच्या थकव्याशी जुळवून घेतलेलं होतं, आणि तेवढं आम्ही कसंबसं वाचवलं. माझी मात्र त्या खेळाने वर्षभराची सोय केली, म्हणून मी त्याचा आभारी आहे.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिने आधी यान सुरक्षित डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि मगच माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे चुकीमुळे राहिलो आपण."

"अर्ध्या चुकीमुळे. अर्धं तू चहा करत नाहीस त्यामुळे."

"ते तुम्ही ऑफिसात सांगितलंत?"

"विचारलं त्यांनी."

परत पडद्याकडे वळत ती म्हणाली, "वर्ष कसं जाईल कळणार नाही. पुढच्या वर्षासाठी आत्तापासूनच एखादी चूक बघून ठेवा."